वाटणीत राह्यलेला नंबर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं गावात सगळे म्हणतेत. म्हणू द्या. त्या दिवशी तो राग नसता तं माझ्या पोरीचं वर्ष गेलं असतं, आन् आम्ही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बघत बसलो असतो.

पोरगी म्हंजे आकांक्षा, एकुलती एक. संभाजीनगरला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं प्रोजेक्ट घेतल्ता मोसंबीच्या पानांचा. पानाचा फोटू दाखवला की कॉम्प्युटरनं सांगायचं, झाडाला कोणता रोग पडलाय. त्यासाठी दोन वर्षं ती पानांचे फोटू काढत होती. सुट्टीत घरी आली की चहा पिऊन निघाली बागेत. मी म्हणायची, बाई, पानाचे एवढे फोटू काढती, कधी मायचा बी काढ एखादा. ते फोटू आन् त्यावर लिहिलेला रिपोर्ट, सगळं तिच्या लॅपटॉपात. शेवटचे फोटू काढायला ती घरीच आल्ती, आन् त्या दिवशी पाच वाजेपर्यंत ते कॉलेजच्या साइटवर टाकायचं होतं. पाचनंतर साइट बंद, आन् साइट बंद म्हंजे वर्ष गेलं. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरी कबूल केल्ती, पण यंदा पास झाली तंच. आमच्या घराण्यात पगारावर जाणारी ती पहिली पोरगी. मी तिच्यासाठी नवी बॅगसुद्धा घेऊन ठेवल्ती.

आता त्या लॅपटॉपाचं सांगते. त्यात आधीपासून विंडोज होतं. तिच्या मॅडम म्हणल्या, पानं ओळखायचं काम लिनक्सवर जल्दी होतं, ते बी टाक. दोन्ही एकाच लॅपटॉपात बसतेत म्हण, चालू करताना विचारतं, कोणतं उघडू. मी म्हणलं, एका म्यानात दोन तलवारी कशा ऱ्हातील? तं हसली. म्हणली, "आई, डिस्कची वाटणी करायची. थोडी जागा ह्याला, थोडी त्याला. भांडत नसतेत ते." वाटणी ह्या शब्दाचाच मला वीट आलाय. पण माझं ऐकतंय कोण. आदल्या दिवशी यूट्यूबवर बघून तिनं ते बसवलं बी.

तो वीट काहून आला ते सांगायला पाहिजे. माझ्या मालकाचं नाव कल्याण. नाव घ्यायला मी लाजत न्हाई. त्यांचे थोरले भाऊ साहेबराव, म्हंजे माझे भाया. आकांक्षा त्यांना मोठेबाबा म्हणते. सासरे होते तवर एक चूल होती. ते गेले आन् बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं. एका उन्हाळ्यात भायांनी आमच्या पाळीच्या वक्ताला कॉक बंद केला. आमच्या बाजूची मोसंबी वाळली. तवा मालकांनी चार माणसांत तांब्या पालथा घातला आन् म्हणले, "आजपासून ह्या घरचं पाणी मला हराम. ह्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई." मंग बाग वाटली, बोअरचे तास वाटले, भांडी वाटली, सासूची पातळं बी वाटली. अंगणाच्या मधून पुरुषभर उंच भिंत घातली. कडुलिंबाचं झाड तिकडं गेलं, पाणी तापवायची चूल इकडं राह्यली. लिंबाचा पाला मात्र दोन्हीकडं पडतो, त्याला काय वाटणी समजती.

ह्याला तीन वर्षं झाले. तीन वर्षांत दोघं भाऊ एकमेकाला एक शब्द बोलले न्हाईत.

तं त्या सकाळी मी भाकरी थापून राह्यल्ती. आकांक्षा आतल्या खोलीत दार लावून बसल्ती. भिंतीपलीकडं भायांचा मोबाईल टिंग करून वाजला. जरा येळानं परत टिंग. मंग परत. मी मनात म्हणलं, सकाळच्या पारी म्हाताऱ्याला कोण एवढं मेसेज करून राह्यलं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच न्हाई.

मंग पोरगी बाहेर आली. डोळे सुजलेले. म्हणली, "आई, लॅपटॉप चालू होईना."

"चार्जिंगला लाव."

"चार्जिंगलाच हाय, आई."

मी जाऊन बघितलं. काळा पडदा, वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुक करत होती. मी बचत गटाची अध्यक्ष हाय, बँकेतल्या साहेबाला बी मी गप करते, पण त्या रेघेपुढं माझं काय चालणार.

आम्ही तिघं मोटारसायकलवर बसून टेंभुर्णीला गेलो. स्टँडच्या मागं नागसेनचं दुकान हाय, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. शाळेत आकांक्षाच्या दोन वर्षं पुढं होता. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आन् पहिलं विचारलं, "काय काय केलंस ते खरं सांग. डॉक्टरला आन् मला खोटं सांगायचं न्हाई."

पोरगी माझ्याकडं बघत सांगायला लागली. लिनक्स बसलं. पण सकाळी विंडोज उघडायला गेली तं ते उघडंना, निळं पान येऊन आकडे मागायला लागलं. घाबरून तिनं यूट्यूबवरच्या एका बाबाचं ऐकलं, अजून दोन ठिकाणी बोटं घातली, आन् मंग सगळंच काळं झालं.

"आगीतनं फुफाट्यात," मी म्हणलं. "विचारायचं तरी."

"काकू, होत असतंय," नागसेन म्हणला. त्यानं लॅपटॉप चालू करतानाच एक बटन धरून ठेवलं, तशी एक जुनाट दिसणारी पाटी उघडली. तिथं तिनं बदललेलं परत बराबर केलं. मंग स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, आन् पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली. मालक दुकानाच्या दारात उभे राहून घटकेघटकेला घड्याळ बघत होते. नागसेन कधी मान हलवायचा, कधी ओठ चावायचा. एकदा तो म्हणला, "हे न्हाई जमलं," आन् परत पहिल्यापासून सुरू केलं. माझा जीव टांगणीला लागल्ता. दुपार झाली तवा कुठं पडद्यावर दोन नावं आली. वर लिनक्स, खाली विंडोज.

मी हात जोडले. आकांक्षानं खालच्या नावावर बटन दाबलं.

निळं पान आलं.

"हेच," ती म्हणली. "हेच सकाळी आल्तं."

नागसेननं खुर्ची मागं सरकवली. मला समजंल असं सांगितलं त्यानं. विंडोजला आतून कुलूप असतं. लॅपटॉप नवा घेतला की ते आपोआप लागतं, कोणाला माहीत बी नसतं. हिनं दुसरं बिऱ्हाड आणून बसवलं, सुरू व्हायच्या वक्ताच्या सेटिंगा हलवल्या, तं विंडोजला वाटलं चोर घुसला, आन् त्यानं कडी लावून घेतली. आता चावीशिवाय उघडणार न्हाई. चावी म्हंजे लांबलचक आकडे.

"मंग लिनक्समधनं फोटू काढून घे की," मालक दारातनंच म्हणले.

"तिकडनं दिसतच न्हाई, काका. पुसून नवीन टाकलं तं लॅपटॉप चालंल, पण आतलं सगळं जाईल."

"पेनड्राइव्हवर घेतलं न्हाईस का?" मी पोरीला विचारलं.

"दिवाळीपर्यंतचं घेतलंय."

दिवाळीनंतरचं सगळं आत, रिपोर्ट बी आत. मला असा राग आला की तिथंच तिच्या पाठीत धपाटा घालावा वाटला. पण तिचं तोंड बघून हात उचलला न्हाई.

नागसेन म्हणला, चावी कुठं गेलेली नसती. लॅपटॉप घेताना जे खातं उघडल्तं, त्या खात्यात ती ठेवलेली असती. मोबाईलवरनं खातं उघडा, चावी बघा, आकडे टाका, संपलं काम. "पासवर्ड सांग."

पासवर्ड कोणाला याद असतो. ती रोज चार आकडी पिन टाकून उघडत होती.

"मंग खातं मोबाईलवर कोड पाठवंल. शेवटी सत्तेचाळीस असलेला नंबर दाखवतंय. कोणाचा हाय?"

मी माझा मोबाईल काढला. मालकांनी त्यांचा काढला. सत्तेचाळीस कोणाचाच न्हाई. आकांक्षा खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याकडं बघत होती. त्या मानेवरनंच मला कळलं, हिला सकाळधरनं माहीत हाय.

"मोठेबाबांचा हाय," ती म्हणली.

मला एकदम सकाळची टिंग टिंग आठवली. ती इकडं बटन दाबत होती आन् भिंतीपलीकडं म्हाताऱ्याचा मोबाईल वाजत होता.

एक घर होतं तवा भायांचा नंबर म्हंजे घराचा नंबर. गॅसला तोच, रेशनला तोच, बँकेला तोच, पोरीच्या शाळेला बी तोच. तिचा लॅपटॉप घ्यायला जालन्याला भायाच गेल्ते तिला घेऊन. दुकानदारानं नंबर मागितला, त्यांनी सवयीनं आपला सांगितला. त्याच वर्षी वाटणी झाली. चमचे मोजून घेतले आम्ही, पण नंबर वाटायचं कोणाच्या डोक्यात आलं न्हाई.

"किती वेळा दाबलंस सकाळी?" नागसेननं विचारलं.

"लई वेळा. वाटलं, ईमेलवर येईल."

"मंग आता सांभाळून. जास्ती झालं की ते उद्यापर्यंत बंद करून टाकतं. एखादी बारी राह्यली असंल. कोड आला की लगेच टाकायचा, थोड्या वेळात मरतो तो. आधी त्यांना फोन लावा, समोर बसवा, मंगच दाबा."

मालक गाडीची चावी बोटात फिरवत होते, ती फिरायची थांबली.

आकांक्षानं फोन लावून स्पीकरवर टाकला. रिंग वाजायच्या आधी ती बाई सुरू झाली, ओटीपी कोणालाही सांगू नका, फसवणुकीपासून सावध रहा. सगळं ऐकून घ्यावं लागलं. मंग आवाज आला.

"कोण?"

"मोठेबाबा, मी आकांक्षा."

पलीकडं बाज कुरकुरली. मंग खोकला. "बोल."

पोरीनं सांगितलं. घाईघाईनं, अर्धं रडत, पण बराबर सांगितलं. पाच वाजेचं बी सांगितलं.

"तीन वर्षं झाले," भाया म्हणले. "पोळ्याला फोन न्हाई, दिवाळीला न्हाई. मी दवाखान्यात होतो तवा न्हाई. आन् आज केला तं ओटीपी माग्ती."

"मोठेबाबा, माझं वर्ष जाईल हो."

"ओटीपी फोनवर कोणाला द्यायचा नसतो. पाहिजे असंल तं घरी या. आन् कल्याणला घेऊन या."

फोन कट झाला. नागसेन उगंच टेबल पुसायला लागला.

"चला," मालक म्हणले. "मी त्या उंबऱ्यावर जाणार न्हाई. माझी झाडं वाळली तवा त्याला भाऊ याद आला न्हाई."

"आन् पोरीचं वर्ष?"

"गेलं तं जाऊ दे. पुढच्या साली करंल."

सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई. मी भर दुकानात काय काय बोलले ते इथं सांगत न्हाई. एवढंच सांगते, की परत येताना मोटारसायकलवर मी त्यांच्या खांद्याला हात लावला न्हाई, मागची दांडी धरून बसले.

घरी आलो तवा चार वाजून गेल्ते. मालक अंगणात भिंतीला टेकून खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यावर, नजर जमिनीकडं. मी म्हणलं, "तुमची शपथ तुम्ही सांभाळा. मी काही शपथ घेतलेली न्हाई." पोरीच्या हाताला धरलं, लॅपटॉप काखंत मारला, आन् गल्लीतनं वळसा घालून भायांच्या दारात गेले.

दार उघडंच होतं. भाया लिंबाखाली बाजेवर बसल्ते, मोबाईल हातात. नुसते बसल्ते. नवीन मोबाईलाएवढं उजळ दुसरं काही त्यांच्या अंगावर नव्हतं, एवढे वाळल्ते ते. माझी थोरली जाऊ गिरिजाबाई, तिला मी आक्का म्हणते, ती आतून पाणी घेऊन आली. ताटलीत तीन ग्लास होते. आम्ही दोघीच गेल्तो. तिसऱ्या ग्लासाकडं आम्ही तिघी बायांनी बघितलं.

मी पाणी प्याले. पोरगी प्याली.

"कल्याण?" भायांनी विचारलं.

आता, भायाशी तोंड वर करून बोलायची आमच्यात रीत न्हाई. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी सरळ बोललेच नव्हते. ते समोर बसलेले असले तरी मी आक्काला म्हणायची, "आक्का, त्यांना विचारा, च्या घेता का." ते बी आक्कालाच सांगायचे, "म्हणावं, साखर कमी टाक." त्या दिवशी बी मी आक्काकडं तोंड करून सुरू केलं. "आक्का, त्यांना म्हणा, ते येत न्हाईत. पण पोरगी आली."

"म्हणावं, कल्याण येऊ दे, मंग दाब बटन," भाया आक्काला म्हणले.

"आक्का, त्यांना म्हणा, पाच वाजता सगळं संपतं."

"म्हणावं, मला बी कळतं घड्याळ." मंग त्यांनी मोबाईल वर धरला आन् पोरीला म्हणले, "सकाळधरनं येऊन राह्यले हे. हे बघ, एकाखाली एक. पहिल्यांदा वाटलं, कोण्या चोराचं काम हाय. मंग तुझा रडायचा आवाज आला भिंतीपलीकडनं. तू रडायची, आन् हा वाजायचा. तवा समजलं मला. बसलो मंग इथंच. म्हणलं, आता आवाज देतील. आता देतील. तुम्ही मोटारसायकल काढून टेंभुर्णीला गेले."

पोरीनं डोळे पुसले. "तुम्ही आवाज द्यायचा की, मोठेबाबा."

"म्यानं?" ते म्हणले. "झाडं त्याची वाळली. म्या कसा द्यावा आवाज?"

आक्का कडुलिंबाच्या बुंध्याला धरून उभी होती. मला खरं सांगते, त्यांची दया आली. पण दयेनं पाच वाजायचे थांबत नसतेत, आन् मोबाईल अजून त्यांनी मुठीतच धरल्ता.

मी पदर डोक्यावर घेतला आन् आक्काकडं बघायचं सोडलं. सरळ त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"आकांक्षाचे मोठेबाबा," मी म्हणले, "आज मी तुमच्याशीच बोलते. रीत मोडली तं मोडली. तुमचं आन् तुमच्या भावाचं जे हाय ते तुम्ही दोघांनी उरावर घेऊन मरा, मी मधी पडणार न्हाई. पण ह्या पोरीला पहिल्यांदा बागेत तुम्ही खांद्यावर नेलं. मोसंबीचं पान चुरगाळून वास घ्यायला तुम्ही शिकवलं. तीच पानं ह्याच्यात हायेत. तुमच्या बाजूच्या झाडाची बी हायेत, तारेच्या बाहेर उभी राहून काढायची ती, मला माहीत हाय. आता त्या पानापुढं तुम्ही अट घालून बसले. मोठेबाबा म्हणवून घेता, मंग मोठे व्हा."

आक्कानं तोंडाला पदर लावला. भायांनी माझ्याकडं बघितलं, मंग भिंतीकडं.

"दाब," ते पोरीला म्हणले.

पोरीनं तिच्या मोबाईलवर बटन दाबलं. लगेच नजर भायांच्या मोबाईलवर गेली सगळ्यांची.

काहीच वाजलं न्हाई.

सकाळधरनं टिंग टिंग करणारा मोबाईल दगडासारखा गप. पोरगी पांढरी पडली. "बंद झालं का आई? बंद केलं का त्यांनी?" मी नागसेनला फोन लावला, तो उचलंना. भायांनी मोबाईल डोळ्यापाशी नेला, लांब धरला. "दांडीच न्हाई दिसत," ते म्हणले. "दुपारून ह्या कार्डाची रेंज अशीच जाती इथली. भिंतीपाशी येती."

ते उठले. गुडघ्याला हात देऊन उठले आन् भिंतीपाशी गेले. तिथं पाट्याचा दगड उभा होता, त्यावर एक पाय ठेवून चढले. आक्का म्हणली, "पडसाल." ऐकलं न्हाई. मोबाईल उंच धरला. मंग अजून उंच, भिंतीच्या वर, पलीकडं हात काढून.

टिंग वाजलं. भिंतीच्या त्या बाजूला, मालक जिथं बसल्ते बराबर त्यांच्या डोक्यावर.

"आला," भाया म्हणले, पण हात खाली घेतला न्हाई. "खाली आणला तं परत जाईल," एवढंच म्हणले. मोबाईलावर आलेला मेसेज रेंज गेल्यावर बी ऱ्हातो, हे आकांक्षाला माहीत हाय आन् मला बी माहीत हाय. भायांना माहीत होतं का न्हाई, हे मी आजपर्यंत विचारलेलं न्हाई.

तिकडून काही आवाज येईना. पोरीचं बोट कोडच्या चौकटीवर तसंच थांबलेलं. मला तिकडचं दिसत नव्हतं, फक्त भायांचा वर धरलेला हात दिसत होता, आन् तो आता खांद्यापासून हलायला लागल्ता.

मंग भिंतीपलीकडं कोणीतरी उठल्याचा आवाज आला. चपलेचा आवाज आला.

"आठ," मालकांचा आवाज आला. "झिरो. तीन. तीन. एक. नऊ."

तीन वर्षांनी दोघा भावांमध्ये झालेलं बोलणं ते एवढंच. आकांक्षानं टाकलं, आन् खातं उघडलं.

चावी दिसली. सहा-सहा आकड्यांचे गट, ओळीनं. मी तिचा मोबाईल धरून वाचायला लागले, ती लॅपटॉपवर टाकायला लागली. मधी माझी जीभ अडखळली, तिनं एक आकडा चुकीचा टाकला, आन् निळ्या पानानं सगळं नाकारलं. भाया दगडावरनं उतरून आले, म्हणले, "मी म्हणतो मागनं, तू वाच. दोनदा झालं की चुकत न्हाई." मंग मी वाचायची, ते परत म्हणायचे, ती टाकायची. मी आन् माझे भाया, एका सुरात आकडे म्हणत होतो. आक्का सगळं सोडून आमच्याकडंच बघत होती.

शेवटचा गट टाकला. गोल गोल फिरलं, फिरतच राह्यलं. मंग उघडलं.

तिनं रिपोर्ट चढवला, फोटूंची फाइल चढवली. ती पट्टी गोगलगायीच्या चालीनं सरकत होती आन् भायांनी आपला मोबाईल भिंतीवर रेंजमधी ठेवून त्याचं नेट तिला जोडून दिलं, तिचं संपल्तं म्हणून. पट्टी भरली तवा पाचाला अजून वेळ होता, पण किती ते बघायचं आम्हाला सुधरलं न्हाई. आकांक्षानं भायांच्या पायाला हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् उठून लिंबाच्या पल्याड गेले, तोंड धुवायला.

आक्कानं तिसरा ग्लास उचलला. दगडावर चढली आन् तो भिंतीवर ठेवला.

घरी आलो तं मालक गोठ्यात होते, म्हशीला वैरण टाकत. पोरगी म्हणली, "पप्पा, झालं." त्यांनी नुसती मान हलवली. दिवे लागायच्या वक्ताला मी भिंतीकडं बघितलं. ग्लास तिथंच होता. भरलेला, वर लिंबाचं एक पान पडलेलं. पीळ म्हणतात तो हाच. मला वाटलं, जाऊन सगळं पाणी त्यांच्या अंगावर ओतावं.

तेवढ्यात नागसेनचा फोन आला. पोरीनं स्पीकरवर टाकला. उघडलं म्हणून खूश झाला, मंग म्हणला, "आता पहिलं काम एक कर. खात्यातनं तो सत्तेचाळीसवाला नंबर काढ आन् तुझा टाक. न्हाई तं परत कधी लॅपटॉप अडकला की परत त्यांच्याच दारात जावं लागंल."

"आत्ताच करते," आकांक्षा म्हणली. तिनं खातं उघडलं, नंबर दिसला, शेजारी काढून टाकायचं बटन दिसलं.

मालक मोटर चालू करायला निघाल्ते, आमची पाळी रातची असते. दारात चप्पल घालता घालता थांबले. पाठ आमच्याकडंच होती.

"राहू दे तोच," ते म्हणले. "जावं लागलं तं जाऊ."